‘कॅथलिक रेंट’ म्हणजे भाडे नव्हे

प्रश्न असा आहे: एकोणिसाव्या शतकातला आयरिश कॅथलिक नेता डॅनिएल ओकॉनेल याच्यावरच्या एका मराठी टिपणात त्याने ‘कॅथलिक भाडे’ गोळा केले, ‘कॅथलिकांची मुक्ती’ मिळवली आणि ‘होमरूल’ मागितले असे लिहिले आहे. हे शब्द बरोबर आहेत का?

‘भाडे’ तर साफ चूक. आयरिश कुळे जमीनदाराचा खंड भरतानाच मेटाकुटीला आलेली, त्यात हे आणखी कसले भाडे? ती होती वर्गणी. 1823 साली डब्लिनमध्ये कॅथलिकांच्या हक्कांसाठी कॅथलिक असोसिएशन निघाली तेव्हा सभासदाला वर्षाला एक गिनी मोजावी लागे. म्हणजे कारभार वकील-व्यापाऱ्यांपुरताच. पुढच्या वर्षी ओकॉनेलने महिना एक पेनी देणाऱ्यालाही आत घेतले. रविवारची मिस्सा सुटली की चर्चच्या दारात पेन्या जमायच्या, पाद्री स्वतः त्यात लक्ष घालायचे. शेतमजूरही चळवळीचा भागीदार झाला तो असा. ‘रेंट’चा जुना अर्थ नियमाने येणारे उत्पन्न, इथे तोच घ्यायचा. मी ‘कॅथलिक पेनी फंड’ लिहीन. तळेगावचा काच कारखाना ज्यातून उभा राहिला तो ‘पैसा फंड’ आपल्याकडे आहेच, त्यामुळे शब्द उपरा वाटणार नाही.

‘मुक्ती’ चालेल, पण वाचणाऱ्याला गुलामगिरी आठवते. आयर्लंडमधल्या कॅथलिकांना मताचा हक्क 1793 पासून होता. अडत होते ते पार्लमेंटात बसायला, कारण तिथली शपथ त्यांच्या धर्ममतालाच खोटे ठरवायला लावी. 1828 मध्ये ओकॉनेल क्लेअर या आयरिश मतदारसंघातून निवडून आला आणि सरकारपुढे पेच पडला. 1829 च्या कायद्याने ही बंदी उठली. म्हणून ‘हक्कबंदी उठली’ म्हणणे जास्त नेमके. त्याच वेळी आयर्लंडमधली मतासाठी लागणाऱ्या जमिनीच्या वार्षिक मूल्याची अट 40 शिलिंगांवरून (2 पौंड) 10 पौंडांवर नेली गेली. ज्या लहान कुळांनी त्याला निवडून दिले, त्यांचीच मते गेली. कसली मुक्ती!

‘होमरूल’ मात्र त्याच्या तोंडी घालू नये. त्याची पुढची मागणी ‘रिपील’: 1801 पासून आयर्लंडला ब्रिटनशी जोडणारा कायदा रद्द करा. त्यासाठी 1843 मध्ये त्याने प्रचंड सभा घेतल्या, पण डब्लिनजवळच्या क्लॉन्टार्फच्या सभेवर सरकारने बंदी घालताच रक्तपात नको म्हणून ती मागे घेतली. 1847 मध्ये तो वारला. ‘होमरूल’ची मागणी घेऊन आयझॅक बट या आयरिश वकिलाने संस्था काढली ती 1870 मध्ये. त्या मागणीचा अर्थ घरचा कारभार डब्लिनच्या पार्लमेंटकडे, सैन्य आणि परराष्ट्र व्यवहार लंडनकडेच. टिळकांनी 1916 मध्ये बेळगावला होमरूल लीग स्थापली ती हेच आयरिश नाव घेऊन. तेव्हा त्या लीगच्या संदर्भात ‘स्वराज्य’ वाचतानाही साम्राज्यात राहून मागितलेले स्वराज्य असेच समजावे.