आफ्रिकेत समाजबदल घडवणारे नेते आणि इनोव्हेटर यांच्याशी आमच्या कॉलेजतर्फे ऑनलाइन गप्पांची मालिका ठेवायची आहे, कोणाला बोलवावं आणि काय विचारावं?

तुम्ही प्रश्नाखाली नमुन्यादाखल सहा प्रश्न टाकलेत, त्यातला पहिला 'तुमच्या यशाचं रहस्य काय' आणि शेवटचा 'भारतातल्या तरुणांना काय संदेश द्याल'. हे दोन्ही आधी खोडा. असले प्रश्न आपल्याकडे दहावीला पहिल्या आलेल्या पोरीला विचारतात आणि ती सांगते आईवडिलांचे आणि गुरुजनांचे आशीर्वाद. तुम्हालाही तेच उत्तर मिळणार, फक्त इंग्रजीतून.

मी हरारेला (झिम्बाब्वेची राजधानी) चार वर्षं होतो, २०१४ ते २०१८, बोअरच्या पंपांचं इन्स्टॉलेशन आणि सर्व्हिस. मोठमोठ्या नेत्यांशी माझ्या काय गप्पा होणार, मी पाने-पक्कड घेऊन फिरणारा माणूस. पण तिथल्या एका म्हातारीशी पाऊण तास बोललो आणि घरातलं एक भांडण माझ्यापुरतं मिटलं (दादापुरतं अजून नाही, त्यावर येतो), म्हणून लिहायला बसलो.

आधी तुमच्या कामाचं थोडक्यात. कोणालाही बोलवा, प्रश्न एकच विचारा: तुमचं सुरुवातीला काय चुकलं होतं आणि ते तुम्हाला कोणी दाखवून दिलं? मला तिथल्या ज्या ज्या गोष्टी भारी वाटल्या त्या सगळ्या इथूनच उलगडतात. केनियातलं एम-पेसा घ्या, मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय (हो, 'पेसा' म्हणजे आपला पैसाच). २००५ मध्ये त्याची चाचणी झाली ती छोट्या कर्जाचे हप्ते मोबाइलवरून भरता यावेत म्हणून, आणि लोक त्यावरून एकमेकांना पैसेच पाठवायला लागले. मग कंपनीने मुकाट्याने बेत बदलला आणि २००७ मध्ये 'घरी पैसे पाठवा' म्हणत ते बाजारात आणलं. वंगारी मथाई यांनी १९७७ ला खेड्यातल्या बायकांना घेऊन झाडं लावायला सुरुवात केली तेव्हा वनखात्यातले लोक हसले होते, झाड लावायला डिप्लोमा लागतो म्हणे! बायकांनी बी पेरतात तशी रोपं केली, जमेल त्या भांड्यात वाढवली, आणि मथाई त्यांना डिप्लोमा नसलेले फॉरेस्टर म्हणायच्या. २००४ चं शांततेचं नोबेल मिळालं ते याच कामावर. त्या २०११ ला गेल्या, त्यामुळे बोलवता येणार नाही, पण त्यांच्या संस्थेतलं कोणीतरी मिळेल. स्ट्राइव्ह मासियिवा यांनी मोबाइल कंपनीच्या लायसनसाठी झिम्बाब्वे सरकारशी पाच वर्षं कोर्टात झगडा केला आणि १९९८ ला एकदाची कंपनी सुरू झाली, हा माणूस ऐकण्यासारखा आहे, पण तो तुमच्या कॉलेजला तारीख देईल असं मला वाटत नाही.

माझ्या मते पहिलं नाव डॉ. डिक्सन चिबांडा. मानसोपचाराचे डॉक्टर, हरारेचे. त्यांच्या 'फ्रेंडशिप बेंच'बद्दल नेटवर भरपूर आहे, तरी अर्धे लोक अर्धवट सांगतात. २००५ मध्ये त्यांच्या एका २६ वर्षांच्या पेशंटने आत्महत्या केली. ती हरारेपासून दोनशेहून जास्त किलोमीटरवर राहायची, तिला दवाखान्यात परत आणायचं घरच्यांनी ठरवलेलं होतं पण बसभाड्याचे १५ डॉलर नव्हते. तेव्हा अख्ख्या देशात मानसोपचाराचे डॉक्टर जेमतेम डझनभर. चिबांडांनी २००६ मध्ये हरारेतल्या मबारे वस्तीत काम सुरू केलं तर खोली मिळेना, नर्सना वेळ नाही, हाताशी कोण तर आरोग्याचं काम करणाऱ्या १४ आज्या. मग दवाखान्याबाहेर लाकडी बाक टाकले आणि आज्यांना शिकवलं. चिबांडांनी नाव ठेवलं मानसिक आरोग्याचा बाक. आज्यांनी सांगितलं, डॉक्टर, या नावाच्या बाकावर कुत्रंसुद्धा बसायचं नाही (कुत्रं माझं, पण अर्थ तोच). नाव बदलून मैत्रीचा बाक झाला, शोनात (तिथली भाषा) चिगारो चेकुपानामाझानो, म्हणजे एकमेकांना सल्ला द्यायचा बाक. २०१६ मध्ये त्यावरचा अभ्यास छापून आला, २४ दवाखाने, ५७३ पेशंट, सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांपैकी साधारण १४ टक्क्यांत डिप्रेशनची लक्षणं उरली आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांत ५० टक्क्यांत.

हे आकडे मला नंतर कळले. बाक आधी भेटला.

२०१६ चा ऑक्टोबर. तिकडे ऑक्टोबर म्हणजे ऐन उन्हाळा, जॅकरंडा फुललेले आणि रस्त्यावर जांभळा सडा. एका दवाखान्यातून फोन आला, पंप बंद. हरारेत नळाला पाणी येईल याचा भरवसा नाही, २००८-०९ च्या कॉलऱ्यात देशात चार हजारांवर माणसं गेली आणि त्यानंतर जागोजागी बोअर मारलेत, त्यामुळे पंप बंद म्हणजे दवाखान्याचे हाल. पॅनल उघडलं तर कपॅसिटर फुगून टम्म. पोराला नवीन आणायला पाठवलं, कोंबीने जाऊन यायला दोन तास (कोंबी म्हणजे आपली वडाप, तशीच कोंबलेली). आवारात झाडाखाली एक बाक रिकामा दिसला, बसलो.

थोड्या वेळाने एक आजी आली, साठी उलटलेली, डोक्याला रुमाल, हातात शाळेची असते तसली वही. शेजारी बसली. मी दोन्ही तळवे सरळ जुळवून हळू टाळ्या वाजवल्या, तिकडे मोठ्या माणसाला पुरुष तसा नमस्कार करतात. तिने विचारलं, मामुका सेई? कसे उठलात? मी पाठ केलेलं उत्तर फेकलं, न्दामुका काना मामुकावो. दोन वर्षं रोज म्हणत होतो, नुसतं 'ठीक' म्हणून. ती हसली आणि तिच्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, याचा अर्थ माहीत आहे का? तुम्ही नीट उठला असाल तर मीही नीट उठलो. मग खरंच नीट उठलास का?

मी म्हटलं अंबुया (म्हणजे आजी), मी पंपवाला आहे, पेशंट नाही. ती म्हणाली जिची वेळ होती ती आलेली नाही, तुझा पंपही बंद आहे, तर बस.

आता इथे मागचं सांगावं लागेल. आमचं गाव बार्शी तालुक्यात. अण्णा (वडील) गेले जून २०१५ ला. त्यानंतर आईची झोपच गेली, पहाटे तीनला उठून ओसरीवर बसायची, जेवण दोन घास, विचारलं तर म्हणायची डोक्यातले विचार थांबत नाहीत रे. दादा (थोरला भाऊ, हायस्कूलला मास्तर, म्हणजे जगाला शिकवायचा परवाना) म्हणाला तिला काही झालेलं नाही, फार विचार करते बस, नामस्मरण कर म्हणावं. मी दिवाळीत आलो, मोबाइलवर दहा लेख वाचून आलेलो, म्हटलं हा आजार आहे, सोलापूरला नेतो. दादा म्हणाला लोक काय म्हणतील, आईला वेड्याच्या डॉक्टरकडे नेली. मी हट्टाने गाडी केली, सत्तर किलोमीटर नेलं, आणि दवाखान्यासमोर गाडी थांबली तर आईने पाटी वाचली, मनोविकारतज्ज्ञ. चौथी शिकलीय ती, पण ते एवढं नीट वाचलं तिने. म्हणाली, मला वेड लागलंय का रे? आणि गाडीतून उतरलीच नाही. अर्धा तास मी दारात उभा राहून समजूत घालत होतो, येणारे जाणारे बघत होते, तिने पदर तोंडावर ओढून घेतलेला. तसेच परत आलो. दादा ओसरीवर बसलेला, एक शब्द बोलला नाही, नुसता चष्मा पुसत बसला. पुढे वर्षभर आमचं बोलणं म्हणजे उसाचं बिल आलं का, आलं, संपलं.

तर हे सगळं मी त्या बाकावर एका अनोळखी म्हातारीला सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, बहुतेक ती मध्ये बोलत नव्हती म्हणून. मग तिने विचारलं, तुझी आई स्वतः तिच्या भाषेत काय म्हणते, तिला काय झालंय? मी म्हटलं विचार थांबत नाहीत. ती म्हणाली, कुफुंगिसिसा. म्हणजे फार विचार करणं. आमच्याकडे या आजाराला हेच नाव आहे.

मी गार. दादाचंच वाक्य! शब्दाला शब्द. इकडे ते वाक्य दार लावायला वापरलं आणि तिकडे तेच वाक्य बोलून दार उघडतात. आज्यांकडे जी चौदा प्रश्नांची यादी असते त्यात पहिला प्रश्नच असा आहे की मागच्या काही दिवसांत तुम्ही फार विचार करत होता का.

मग तिने वही उघडली आणि म्हणाली आईच्या डोक्यात काय काय आहे ते एकेक सांग. मी धडाधड सांगितलं, बांधाची केस, सोसायटीचं कर्ज, अण्णांचं वर्षश्राद्ध कसं झालं, माझं लांब असणं. तिने सगळं लिहून घेतलं. ती लोकं सगळं एकदम सोडवायला जात नाहीत, यादीतून एकच गोष्ट निवडायची, ती पेशंटने निवडायची, आणि पुढच्या वेळेपर्यंत तिच्यावर एकच छोटी कृती. तिने विचारलं यातलं तुझी आई कोणतं निवडेल? मी म्हटलं बहुतेक केस. तिने पेन खाली ठेवलं. तू तिला विचारलंस?

नव्हतं विचारलं. दहा लेख वाचले होते, गाडी केली होती, भावाशी भांडलो होतो, पण हे नव्हतं विचारलं.

त्या रात्री फोन केला. आई बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, म्हैस विकली रे मला न विचारता. अण्णांच्या तेराव्यानंतर आठवड्याभरात दादाने म्हैस विकली होती, आता कोण करणार तिचं म्हणून. तीस वर्षं आई पहाटे तीनला उठून शेण काढायची, वैरण टाकायची, मग धार. ती तीनला उठत होती ते झोप जाऊन नाही, तिच्या कामाची वेळ होती आणि खुंट्याला काही नव्हतं. माझ्या यादीत म्हैस नव्हतीच.

पुढचं वहिनीने केलं. माहेराहून एक शेळी आणली, आणि रोज दुपारी भांडी झाली की आईजवळ अर्धा तास बसायची, हातात काहीतरी निवडायला घेऊन. मी फोनवर सांगायचो तसं एकेक विचारायची. चारसहा महिन्यांत आई माणसात आली.

दादा आजही चारचौघांत सांगतो, बघा, मी म्हणालो होतो काही झालेलं नाही. तर दादा, झालं होतं. तुझं वाक्य बरोबर होतं, त्यातला 'बस' चूक होता. आणि सोलापूरची पाटी माझी चूक होती, तेही कबूल.

बरं, तुमच्या मालिकेत कोणीतरी हमखास म्हणणार की आफ्रिकेकडून आपण काय शिकायचं (आमच्या दादाचं हेही एक लाडकं वाक्य). त्याला सांगा की ती चौदा प्रश्नांची शोना यादी ज्यांच्या कामातून आली त्यातले एक डॉ. विक्रम पटेल, आपले मुंबईचे, नव्वदच्या दशकात हरारेला काम करत होते. तिथून येऊन १९९६ ला त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गोव्यात 'संगत' काढली, आणि डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून डिप्रेशनवर उपचार करता येतात हे गोव्यातल्या दवाखान्यांत दाखवलं. अमरावतीच्या खेड्यांतही त्यांचं असंच काम झालं, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या भागात. म्हणजे हरारे, गोवा, विदर्भ हा रस्ता पडलेला आहे, तुम्हाला नवीन पाडायचा नाही. एक गप्पा 'संगत'मधल्या कोणाशी आणि हरारेच्या एखाद्या आजीशी एकत्र ठेवा. डॉक्टर एकटे आले तर आजीला सोबत आणा म्हणून आग्रह धरा, दुभाषा लागला तर लागू दे. स्टेजवरचा माणूस गोष्ट घासूनपुसून सांगतो, शंभरदा सांगून गुळगुळीत झालेली असते, त्याचा दोष नाही.

दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे हे वाचून कोणी झाडाखाली बाक टाकून बसू नका. त्या आज्यांना ट्रेनिंग असतं, वर देखरेख असते, आणि कोणी जिवाचं बरंवाईट करायच्या गोष्टी बोलायला लागलं तर त्या स्वतःकडे ठेवत नाहीत, वर पाठवतात. मी पंपवाला आहे, माझ्या फोनवरच्या सूचना म्हणजे उपचार नव्हे.

आणि दुसरी म्हणजे आई नुसत्या शेळीने बरी झाली नाही. वहिनीने तिला गुडघे दाखवायला म्हणून तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं होतं, त्यांनी नीट विचारपूस करून गोळ्या सुरू केल्या, आठ महिने चालल्या, मग त्यांनीच हळूहळू कमी केल्या. डबा वहिनीच्या कपाटात असायचा. दादाला हे अजून माहीत नाही, आणि तो असल्या साइटवर येत नाही.

झिम्बाब्वे आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे, त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपला दुपारचा दीड. संध्याकाळी ठेवू नका, तिकडे लाइट जाते.