आश्विनातला माळ मोजून मगच या

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : अंबाजोगाईत सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवताय, सेट (प्राध्यापकीची राज्य पात्रता परीक्षा) झालीय, बालाघाटाच्या माळावर १ बाय १ मीटरचे १२० क्वाड्रॅट, म्हणजे झाडं मोजायच्या चौकटी, टाकून झालेत, पण पीएच.डी. अर्धवट आहे. आता जर्मनीतल्या एका विद्यापीठात वनस्पती-समुदायांवर डॉक्टरेटची तीन वर्षांची जागा मिळतेय आणि १ जुलैला रुजू व्हा म्हणतात. सोबत नवरा आणि आठ वर्षांचा मुलगा. जावं का, आणि जाण्याआधी काय करावं?

व्हिसा, विमा, बँकेत अडकवून ठेवायचे पैसे यावर मी लिहीत नाही. ते वकिलातीच्या पानांवर आहे आणि बदलत राहतं. बाकीचं लिहिते, कारण प्रश्न वाचल्यापासून दोन दिवस तो डोक्यातून जात नाहीये.

या. पण १ जुलैला नको.

इकडच्या, म्हणजे मी राहते त्या जर्मनीतल्या, कुरणांची पहिली कापणी जूनमध्ये होते. जुलैत रुजू झालात तर तुमच्या प्लॉटवर चार बोटं खुंट उरलेले असतील आणि पहिला हंगाम गेलेला असेल. करार तीन वर्षांचा, म्हणजे संपणार जूनअखेर. तिसऱ्या उन्हाळ्यात गोळा केलेला डेटा लिहायला वेळच उरणार नाही. कागदावर तीन वर्षं, हातात दोन हंगाम. १ मार्च मागून घ्या. तीन उन्हाळे पूर्ण मिळतात आणि शेवटचा हिवाळा लिहायला राहतो. रुजू व्हायची तारीख काही महिने पुढे ढकलणं इकडे नेहमीचं आहे. प्रकल्पाच्या निधीची मुदत आड येत नसेल तर बहुतेक मार्गदर्शक मान्य करतात. एका ईमेलचं काम आहे, संकोच करू नका.

मार्च मागायचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. मधला पावसाळा तुम्हाला तुमच्या माळासाठी मिळतो. कुसळी, मारवेल, डोंगरी ही गवतं सप्टेंबर-ऑक्टोबरात तुऱ्यावर असतात, तेव्हाच ती खात्रीनं ओळखता येतात. त्या दोन महिन्यांत पुढची कामं उरका.

तुमचे १२० क्वाड्रॅट आपल्याकडच्या रीतीचे असणार : रोपं मोजायची, डेन्सिटी, फ्रिक्वेन्सी आणि डॉमिनन्स काढायचा, तिन्हींच्या सापेक्ष टक्क्यांची बेरीज करून ३०० पैकी आयव्हीआय, म्हणजे जातीच्या महत्त्वाचा निर्देशांक, द्यायचा. इकडे त्या आकड्याचा फारसा उपयोग होत नाही. युरोपातली सगळी पद्धत ब्राऊन-ब्लाँके या वनस्पतिशास्त्रज्ञापासून आच्छादनावर उभी आहे. प्रत्येक जातीनं किती टक्के जमीन झाकली, एवढंच विचारतात. गवताच्या बुडख्याचं एक रोप धरायचं की दहा, यावरून दोन माणसांत भांडण होतं. आच्छादनात ते टळतं. एसप्लॉटसारख्या वनस्पती-प्लॉटांच्या जागतिक संग्रहात युरोपच्या नोंदींची दाटी आहे. आपल्या माळाची नोंद तिथे जायची असेल तर ती आच्छादनाच्या टक्क्यांतच हवी.

१२० पैकी ३० जागा निवडा : काळी जमीन, मुरमाड उतार, बरड माथा, चराईचं गायरान आणि राखलेलं रान, सगळ्यांतून थोड्या थोड्या. प्रत्येक ठिकाणी ३.१६ बाय ३.१६ मीटरची चौकट आखा, म्हणजे १० चौरस मीटर होतात. एका कोपऱ्यात तुमचा जुना १ चौरस मीटर बसवा, म्हणजे आधीचा डेटा वाया जात नाही. आधी लहान चौकटीतल्या जाती लिहायच्या, मग मोठीतल्या, मग टक्के. टक्के डोळ्यांनी ठरवताना हात बसेपर्यंत पुठ्ठ्याचा ३१.६ सेंटीमीटरचा चौरस कापून सोबत ठेवा. १० चौरस मीटरमध्ये तो बरोबर एक टक्का भरतो. उघडी माती, दगड, वाळला पाला यांचे टक्के वेगळे. गवताची उंची, उतार, उताराची दिशा, जळाल्याच्या खुणा, शेण हेही लिहा. ही किरकोळ वाटणारी माहितीच नंतर जातींचा फरक समजावून देते.

संगणकात एका ओळीत एकच नोंद ठेवा : प्लॉट क्रमांक, तारीख, अक्षांश-रेखांश, क्षेत्रफळ, जात, थर, टक्के. जातीच्या नावाचे दोन रकाने ठेवा. एकात तुम्ही रानात लिहिलेलं नाव, दुसऱ्यात आजचं मान्य नाव. बाभूळ आणि हिवर आता व्हॅचेलियात गेलेत, खैर सेनेगालियात, धावडा टर्मिनालियात. अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियाच्या झाडांकडे ठेवायचा निर्णय २००५ मध्ये व्हिएन्नाला झाला आणि २०११ मध्ये मेलबर्नला कायम झाला. मला तो आजही पटत नाही. पण दुसऱ्या रकान्यात मी तेच लिहिते. पहिला रकाना मात्र कधी पुसू नका. चूक सापडली तर ती तिथूनच दुरुस्त होते.

नाईक सरांच्या मराठवाड्याच्या फ्लोराचे, म्हणजे प्रदेशातल्या सगळ्या वनस्पतींच्या ग्रंथाचे, १९९८ चे दोन्ही खंड सामानात ठेवा. कुकचा जुना फ्लोरा मुंबई इलाख्याचा. आपण तेव्हा निजामाकडे होतो, त्यामुळे आपला मुलूख त्यात आलाच नाही. एवढ्या मोठ्या प्रदेशाला धड एक फ्लोरा विसाव्या शतकाच्या शेवटी मिळाला, हे इकडच्या माणसांना सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही.

नमुने. गवत कापून घेऊ नका, बुडासकट उपटा. वर्षायू की बहुवर्षायू ते बुडावरच कळतं. लांब ताट व्ही किंवा एन आकारात मोडून ४२ बाय २८ सेंटीमीटरच्या कागदावर बसवा. पहिले चार-पाच दिवस वर्तमानपत्रं रोज बदला, नाहीतर पावसाळी हवेत बुरशी धरते. कंदवाली झाडं उकळत्या पाण्यात बुडवून मग दाबा, नाहीतर ती दाबातच वाढत राहतात. एक संच छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात), दुसरा पुण्याला बीएसआयच्या, म्हणजे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या, पश्चिम केंद्रात द्या आणि नोंदणी क्रमांक हातात पडल्याशिवाय विमानात बसू नका. तिकडे नमुन्यांना मर्क्युरिक क्लोराईड लावायची जुनी सवय आहे. तसं केलं असेल तर कागदावर ठळक लिहा. ते विष पुढे हाताळणाऱ्याच्या अंगाला लागतं.

माती तिकडेच तपासून घ्या. प्रत्येक प्लॉटमधून पाच ठिकाणची वरच्या १० सेंटीमीटरची माती एकत्र करून अर्धा किलो, सावलीत वाळवून २ मिलिमीटरच्या चाळणीतून. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, मुक्त चुना आणि पोत एवढं पुरे. परभणीला कृषी विद्यापीठात विचारा. युरोपीय संघाबाहेरची माती इकडे आणायला बंदी आहे. संशोधनासाठी वेगळी परवानगी काढावी लागते, तिच्यात महिने जातात.

हे सगळं आधीच उरका म्हणते, त्यामागे कायदा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३ मध्ये परदेशी माणसाबरोबर अनिवासी भारतीयही येतो. आयकराच्या अर्थानं तुम्ही अनिवासी ठरलात की अंबाजोगाईच्या माळावरचं गवत संशोधनासाठी उचलायला तुम्हाला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी मंजुरी लागते. तिकडच्या संस्थेबरोबर रीतसर मान्य झालेला संयुक्त प्रकल्प हा दुसरा रस्ता. इकडच्या बाजूनं जैविक संपत्तीच्या वापराचा आंतरराष्ट्रीय नागोया करार आणि त्यासाठीचा युरोपचा २०१४ चा नियम आहे. नमुना कायदेशीर आलाय का, याची जबाबदारी संशोधकावर असते. म्हणून सिलिका जेलमध्ये वाळवलेली चार पानं पाकिटात घालून आणायचा मोह टाळा. कायदा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. हळद आणि कडुलिंबाच्या पेटंटांनंतर तो हवाच होता. पण ज्या रानात लहानपणी शेरडांमागे फिरले, तिथली एक काडी उचलायला अर्ज लिहायचा, हे मनाला लागतं. मी ही कामं करून आले नाही. 'पुढच्या सुट्टीत करू' म्हणत राहिले. आज इकडच्या कुरणातली झाडं मी फुलाशिवाय, जमिनीला चिकटलेल्या पानांच्या चक्रावरून ओळखते, आणि माझ्या स्वतःच्या माळाचा एकही प्रकाशित प्लॉट माझ्या नावावर नाही.

कागदपत्रांतलं एकच सांगते, कारण ते कुठल्याच यादीत नसतं. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, लग्नाआधीचं नाव पदवीवर, ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यात नावाची जागा कोरी. त्यात २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावं बदलली, म्हणजे जन्मगाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं. इकडच्या खिडकीवरच्या माणसाला ही दोन वेगळी गावं वाटतात, आणि त्याचं काय चुकलं? एका कार्यालयानं माझी फाईल याच कारणावरून तीनदा परत पाठवली. तिन्ही वेळा पत्रातला मजकूर तोच, पुढे काय करायचं ते एकदाही लिहिलेलं नाही. निघण्याआधी तिन्ही माणसांची नावं सगळ्या कागदांवर एका ओळीत मांडून बघा. फरक असेल तिथे गॅझेट करा, मुलाच्या दाखल्यात नाव भरून घ्या, जिल्ह्याच्या नामांतराच्या अधिसूचनेचं प्रमाणित भाषांतर सोबत ठेवा.

मुलाच्या शाळेबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलंत. माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा प्रश्न तोच आहे. इकडे बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच असते. चौथीत शिक्षक शिफारस देतात : हे लेकरू गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे जाणाऱ्या शाळेत, की दुसऱ्या प्रकारच्या शाळेत. शिफारस किती बंधनकारक ते राज्यावर आहे, पण वजन तिचंच असतं. तुमचा मुलगा नऊच्या आसपास पोचणार, म्हणजे जर्मन शिकायला त्याला जेमतेम एक-दीड वर्ष. गणितात पुढे असलेलं मूल भाषेत अडखळतं आणि तेवढ्यावर त्याचा रस्ता ठरतो. माझ्या मुलीच्या बाबतीत ते झालं. शेऱ्यात 'शांत आहे' असं लिहिलं होतं. मराठीत ती घरात तोंड मिटत नव्हती. नंतर वरच्या शाळेत जाता येतं, ती गेलीही, पण तो कागद मी फाडलेला नाही आणि मला तो विसरताही येत नाही. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत आहे. तुमची जागा त्या भागात असेल तर डोळे झाकून या. नसेल तर पहिल्या आठवड्यातच दुसरी भाषा म्हणून जर्मन शिकवणाऱ्या तासिका मागा, आणि गेझाम्टशूलं, म्हणजे सगळे प्रवाह एकत्र असणारी शाळा, जवळ कुठे आहे ते आधी बघून मगच घर घ्या. मराठी लिहायला तुम्हीच शिकवा, रोज वीस मिनिटं. ते दुसरं कुणी करणार नाही.

एकटेपणा असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जास्त. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

पैसे : डॉक्टरेटची जागा ६५ टक्क्यांची असेल तर पगार ६५ टक्के, काम पूर्ण. हातात महिन्याला साधारण २,००० युरो, जोडीदार कमावता नसेल तर करवर्गामुळे थोडे जास्त. तिघांचं भागतं, शिल्लक पडत नाही. पुढचं मात्र नीट समजून घ्या. मुदतीच्या करारांना कायद्यानं डॉक्टरेटआधी सहा आणि नंतर सहा वर्षांची मर्यादा आहे. प्रत्येक मुलामागे दोन वर्षं वाढू शकतात, आणि बाहेरच्या प्रकल्पनिधीवर त्यापुढेही करार होतात. कायम जागा फार थोड्या. २०२१ मध्ये 'इश बिन हान्ना' ('मी हान्ना'; हान्ना ही या कायद्यावरच्या सरकारी चित्रफितीतली संशोधक) म्हणत हजारो संशोधकांनी यावरच राग काढला होता. म्हणजे तासिका तत्त्वाची टांगती तलवार इकडेही आहे, फक्त पगार वेळेवर होतो. तुमची सेट टिकून आहे, ती परतीची वाट समजा.

विद्यापीठाबाहेर खरी नोकरी आहे ती अधिवास-नोंदणीची, म्हणजे झाडं-प्राण्यांच्या नैसर्गिक वस्तीच्या जागा नोंदवण्याची. युरोपच्या १९९२ च्या अधिवास निर्देशातल्या क्रमांकांनुसार ६५१० ही सखल कापणीची कुरणं, ६२१० ही चुनखडीवरची कोरडी गवताळ जमीन, असे प्रकार शेतोशेत फिरून नकाशावर उतरवणारी माणसं नियोजन कार्यालयांना लागतात. त्यासाठी झाडं ओळखता येणं आणि शेतकऱ्याशी जर्मनमध्ये बोलता येणं, दोन्ही हवं. वनस्पती ओळखायच्या किल्ल्याही जर्मनमध्येच आहेत. प्रयोगशाळेत इंग्रजीवर निभतं, रानात नाही. पहिल्या उन्हाळ्याआधी गोचिडीच्या मेंदूज्वराची लस सुरू करा. तीन डोस असतात आणि गुडघाभर गवतात दिवसभर बसणं हेच तुमचं काम असणार आहे.

शेवटचं, प्लॉटच्या खुणा. साध्या जीपीएसची चूक तीन ते पाच मीटर असते, तेवढ्यावर तुमचा क्वाड्रॅट पुन्हा सापडणार नाही. लोखंडी खुंट्या भंगारात जातात. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, त्यामुळे राहिलेल्या खुंट्याही तिरक्या होऊन वर येतात. इकडे कोपऱ्यात चुंबक पुरतात आणि शोधयंत्रानं हुडकतात. मुरमाड जागी तेही करून बघा, पण बालाघाटाच्या काळ्या दगडातच लोह असतं, त्यामुळे यंत्र फसू शकतं. म्हणून प्रत्येक कोपऱ्यावरून दोन न हलणाऱ्या खुणांकडे टेपनं अंतर आणि कंपासनं दिशा घ्या : विहिरीचा काठ, देवळाचा कळस, मोठा धोंडा. बांध नको, बांध सरकतात. कोपऱ्यावर उभं राहून चार दिशांचे फोटो काढा. मग गावातला एखादा अकरावी-बारावीचा पोरगा किंवा पोरगी सोबत घेऊन सगळे ३० प्लॉट एकदा फिरा, आणि दर दसऱ्याला तेच फोटो काढून पाठवायचे पैसे ठरवून द्या. बूट आणि मोजे मात्र तिकडेच धुऊन घासून या. माझ्या बुटाच्या नाडीत एक कुसळ राहिलं होतं. पहिल्या पावसात ओलं झाल्यावर ते हळूहळू पीळ सोडत फिरायला लागलं, जमिनीत शिरायला.