सगळे म्हणतात माझा आवाज चांगला आहे. व्हॉइस ॲक्टिंगमध्ये करिअर करायचं तर सुरुवात कुठून करू?

आधी अभिनयापासून. चांगला आवाज पुष्कळांकडे असतो; काम मिळतं ते लिहिलेलं वाक्य बोलल्यासारखं म्हणता येणाऱ्याला. रोज एखादा उतारा मोठ्याने वाचा, रेकॉर्ड करा आणि ऐका (स्वतःचा आवाज सुरुवातीला परका वाटतो, ते सगळ्यांचंच होतं). 'तू आलास?' एवढंच वाक्य आनंदाने, संशयाने, थकून म्हणून पाहा. चेहरा न दिसताही ऐकणाऱ्याला फरक कळला पाहिजे. नाटकात काम करायला मिळालं तर सोडू नका.

महागड्या माइकच्या मागे लगेच लागू नका. खरी डोकेदुखी खोलीत आवाज घुमण्याची असते. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर बसा, माइक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित तिरका ठेवा. म्हणजे 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवेचा फटका थेट माइकला बसत नाही. एडिटिंगला ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. ऑडिओबुकच्या एसीएक्स प्लॅटफॉर्मला पार्श्वभूमीचा आवाज (तुम्ही गप्प असतानाही रेकॉर्ड होणारा) उणे ६० डेसिबलच्या खाली लागतो, तेच माप धरून चाला.

मग डेमो, म्हणजे काम देणाऱ्यांना ऐकवायचा तुमच्या आवाजाचा नमुना. ६० ते ९० सेकंदांचा, सगळ्यात दमदार तुकडा पहिला. जाहिरात आणि कार्टून यांचे डेमो वेगळे करा.

काम देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा, असं कुणी म्हणालं तर एक रुपयाही देऊ नका.