वाचकांचे प्रश्न : सतरा वर्षांची नोकरी आणि स्वतःची एजन्सी

प्रश्न : सांगलीतील एका जाहिरात संस्थेत मी सतरा वर्षे काम करत असून सध्या कला विभाग सांभाळतो. पगार वेळेवर होतो आणि मालकही सज्जन आहेत, परंतु कामात आता नवे काही उरलेले नाही, म्हणून स्वतःची क्रिएटिव्ह एजन्सी काढण्याचा विचार आहे. आमचे काही ग्राहक खासगीत ‘तुम्ही सुरू करा, काम आम्ही देतो’ असे म्हणतात. पत्नी शिक्षिका आहे, मुलगी दहावीत आहे आणि घराचे हप्ते चालू आहेत. राजीनामा कधी द्यावा, या ग्राहकांचे काय करावे, आणि सांगली या व्यवसायाला लहान पडेल का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ‘काम आम्ही देतो’ या वाक्यावर आपली बरीच भिस्त दिसते. हे आश्वासन खोटे असतेच असे नाही, पण देणाऱ्याच्या मनात बहुधा एवढेच असते की हाच माणूस आता कमी दरात मिळेल. त्यामुळे दरमहा किती रकमेचे काम, किती महिन्यांसाठी आणि बिल किती दिवसांत, हे राजीनाम्यानंतर प्रत्येकाला स्पष्ट विचारावे आणि जो लेखी उत्तर देईल त्यालाच ग्राहक समजावे. बाकीचे हितचिंतक आहेत, आणि हितचिंतकांच्या भरवशावर घराचे हप्ते फिटत नाहीत.

‘राजीनाम्यानंतर’ असे मुद्दाम म्हटले. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे नोकरी सोडल्यावर तोच व्यवसाय करू नये अशी अट सहसा टिकत नाही. परंतु नोकरीत असताना ग्राहक वळवणे, किंवा जाताना दरपत्रके आणि मूळ फाइली सोबत नेणे, ही निराळी बाब आहे आणि तिथे कायदा आपल्या बाजूने नसेल. कायदा बाजूला ठेवला तरी हरभट रोडवरची गोष्ट मार्केट यार्डात पोहोचायला सांगलीत एक दिवस पुरतो. मालकांना ही बातमी प्रथम आपल्याच तोंडून कळली पाहिजे. त्यांच्याकडील पॅकेजिंग किंवा रील्सचे जास्तीचे काम बाहेर देण्याची त्यांची तयारी असेल, तर आपला पहिला ग्राहक तेच होऊ शकतात.

वेळेचे गणित इथल्या हंगामावर बसवावे. सराफ आणि कापड दुकानदार दसरा-दिवाळीला खर्च करतात, शिकवणीवर्ग उन्हाळ्यात. एजन्सीचा खर्च मात्र बाराही महिने सारखाच चालतो. मुलीची परीक्षा मार्चमध्ये संपेल. एप्रिल-मेमध्ये बाहेर पडलात तर मालकांना दसऱ्याआधी दुसरा माणूस शोधायला अवधी मिळेल आणि आपल्यालाही पहिल्या हंगामाची तयारी पावसाळ्यात करता येईल. मात्र तोपर्यंत घरखर्च आणि हप्ते मिळून निदान नऊ महिन्यांची रक्कम बाजूला पडलेली असावी. संस्थेत दहा किंवा अधिक कर्मचारी असल्यास ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो : शेवटचे मूळ वेतन ३०,००० रुपये धरले, तर त्याला १५ ने गुणून, २६ ने भागून, पुन्हा १७ वर्षांनी गुणल्यास सुमारे २ लाख ९४ हजार रुपये होतात. या पैशांतून कार्यालयाची सजावट करू नये; पहिले वर्षभर घरातील एक खोली पुरेल. आरोग्य विमा संस्थेच्या नावावर असेल, तर स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्यावी, कारण आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा लागू शकते. वाढीव गृहकर्ज हवे असेल, तर तेही पगाराची स्लिप हातात असतानाच.

नव्या एजन्सीचा घात बहुतेक वेळा ग्राहकाच्या जाहिरातीच्या पैशाने होतो, आपल्या मेहनतान्याने नव्हे. वृत्तपत्रांकडून १५ टक्के कमिशन आणि उधारीची सोय ‘आयएनएस’ या वृत्तपत्रांच्या संघटनेची मान्यता असलेल्या एजन्सींना मिळते, नव्या माणसाला रक्कम आधी भरावी लागते आणि ग्राहक मात्र दिवाळीचे बिल संक्रांतीला देतो. म्हणून छापील जाहिरात मान्यताप्राप्त एजन्सीमार्फत द्यावी आणि फेसबुक-इन्स्टाग्रामचा खर्च ग्राहकाच्याच कार्डावरून व्हावा. यात कराचाही मुद्दा आहे. सेवा व्यवसायाला २० लाखांच्या वार्षिक उलाढालीनंतर जीएसटी नोंदणी बंधनकारक होते; मेहनताना ९ लाख असताना १२ लाखांचा जाहिरातखर्चही आपल्याच बिलात धरला, तर ती मर्यादा विनाकारण ओलांडली जाते.

‘उद्यम’ ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी विनामूल्य असते. ती पहिल्याच आठवड्यात करावी. सूक्ष्म-लघु उद्योगाचे बिल लेखी करार नसल्यास १५ दिवसांत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे, असा २००६ चा कायदा आहे. सांगलीत पहिल्याच वर्षी ग्राहकाविरुद्ध तक्रार करायला कोणी जाणार नाही, हे मीही जाणतो. पण एप्रिल २०२४ पासून उशिरा दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत ग्राहकाला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की पुष्कळदा त्याचा सनदी लेखापालच त्याला आठवण करतो.

सांगली लहान पडेल, असे मला वाटत नाही. याच जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीहून चित्रकार असलेल्या शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये कारखान्याचे मुखपत्र म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले आणि पुढे ते महाराष्ट्रभर वाचले गेले. आजही सांगलीच्या बेदाण्याला (२०१६) आणि हळदीला (२०१८) भौगोलिक मानांकन आहे, तरी बराच माल पोत्यांतून आणि साध्या खोक्यांतून बाहेर जातो. वेष्टनावर निव्वळ वजन, कमाल किंमत, उत्पादकाचा पत्ता आणि अन्न परवाना क्रमांक कसा असावा, याची नेमकी माहिती असलेला चित्रकार इथल्या व्यापाऱ्याला पुण्याहून आणावा लागू नये. दुकानांच्या फ्लेक्सपेक्षा हे काम धरावे, असे माझे मत आहे.

प्रश्न : नोकरीत केलेली डिझाइन्स मी स्वतःच्या एजन्सीच्या पोर्टफोलिओत दाखवू शकते का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : परवानगीशिवाय नाही. वेगळा करार नसल्यास नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचे स्वामित्व कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार मालकाकडे असते. ईमेलवर संमती मागावी आणि त्या कामातील आपला वाटा नेमका कोणता होता, तेही लिहावे. आपल्या एजन्सीत मात्र स्थिती बरीचशी उलट होते : मोबदला घेऊन काढलेली छायाचित्रे, व्यक्तिचित्रे आणि चित्रफिती हा अपवाद सोडला, तर बोधचिन्हासारख्या कामाचे हक्क लेखी हस्तांतर होईपर्यंत आपल्याकडेच राहतात. करारात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांपुरतेच धरले जाते, आणि ग्राहकाला हे सहसा ठाऊक नसते. तेव्हा मुदत आधीच लिहावी आणि शेवटचा हप्ता जमा झाल्यावरच हक्क जातील, असे कलम पहिल्या दरपत्रकातच घालावे.