ट्रॅक्टरनं नांगरलेलं चालतं का?

बाळा,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणतेस, पण इथे बैल आहेत कुठे? ट्रॅक्टरनं नांगरलेलं मग चालतं का?" मी भाजी ढवळत होते, "नाही चालत" म्हणून मोकळी झाले. पण प्रश्न काही मनातून जाईना. म्हणून हे पत्र. सावकाश वाच, अडलं तर फोन कर.

गुहागरजवळच्या आमच्या गावी गणपती बसले की दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, चुलीवर ऋषीच्या भाजीचं मोठं पातेलं चढायचं. आदल्या संध्याकाळी मी आजीबरोबर परसात जायचे. पाऊस थांबलेला असला तरी अळवाच्या पानात पाणी साठलेलं असायचं, देठ कापला की ते सगळं माझ्या हातावर. लाल माठ, मांडवावरून लोंबणारी पडवळं, शिराळी, भेंडी, काकडी, सुरणाची एक फोड आणि मक्याची कणसं. सगळं तिनं स्वतः कुदळीनं खणून लावलेलं. नांगर फिरलेल्या जमिनीतलं त्या दिवशी काही म्हणजे काही नाही. म्हणजे पोळी नाही, डाळ नाही, शेतातला तांदूळही नाही. तेल नाही, कारण घाण्याला बैल जुंपलेला असायचा. तेल नाही म्हणून फोडणीही नाही. चिंचेचा कोळ, हिरवी मिरची, मीठ आणि वरून ओलं खोबरं, एवढंच. भाताच्या जागी पाणथळीत आपोआप उगवणारा देवभात, तो नाही मिळाला तर वरीचे तांदूळ.

हे व्रत सप्तर्षींचं: कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी आणि वसिष्ठ, सोबत अरुंधती. त्याची कहाणी मी तुला लहानपणी मुद्दाम सांगितली नाही. पाळीच्या दिवसांत बाईनं घरात शिवाशिव केली म्हणून पुढच्या जन्मी ती कुत्री झाली आणि नवरा बैल, असं तिच्यात आहे. मला ते मान्य नाही. माझ्या आईलाही नव्हतं. तिनं उपास आणि कहाणी दोन्ही सोडून दिलं, भाजी मात्र ठेवली. पण त्याच कहाणीतली एक गोष्ट मला कायम आठवते. तो बैल आणि ती कुत्री पोटच्या मुलाच्याच घरी असतात. बैल दिवसभर त्याच्या शेतात राबतो आणि रात्री उपाशीपोटी गोठ्यात तिला आपलं दुःख सांगतो. मुलगा ते ऐकतो, कळवळतो आणि ऋषींना उपाय विचारायला जातो. बैलाच्या श्रमाचं खाऊ नये, हे तिथून आलं. आजी कहाणी सांगायची नाही, पण पानं मांडताना म्हणायची, "त्याने वर्षभर आपल्यासाठी ओढलंन, आज आपल्या हातचं खाऊ."

आता ट्रॅक्टर. शब्दाला शब्द लावला तर चालायला हवा, त्याला भूक लागत नाही. तरी माझं उत्तर 'नाही' असंच आहे. त्या एका दिवशी मला असं खायचं असतं की पानातल्या प्रत्येक गोष्टीसाठी कोण वाकलं ते मला सांगता यावं. म्हणून मी इथे मिनेसोटात सेंट पॉलच्या बाजारात त्या ह्मोंग आजीकडे जाते. १९७५ नंतर लाओसमधून निर्वासित होऊन आलेली ही माणसं इथे आपल्यासारखीच कारली, लांब चवळी आणि भोपळ्याच्या वेलाचे कोवळे शेंडे पिकवतात. यंदा तिला विचारलं. लावणी-खुरपणी हातानं, पण जमीन यंत्रानंच नांगरून घेतो, म्हणाली. तेव्हा नियम पुरता पाळला गेला नाही, हे तुला खरं सांगते.

देवभाताचं मात्र जमलं. मिनेसोटाच्या तळ्यांत एक गवत वाढतं. त्याचा दाणा इथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक ऑगस्टच्या शेवटी होडीतून जाऊन काठीनं झोडपून होडीतच पाडतात. ते त्याला मनोमिन म्हणतात, दुकानात तो वाइल्ड राइस म्हणून मिळतो. दुकानातला पुष्कळसा वाफ्यात लावून यंत्रानं कापलेला असतो, म्हणून पाकिटावर हातानं काढलेला असं लिहिलेलं बघूनच मी घेते. शिजला की काळा दाणा उलतो आणि धुराचा वास येतो. आजीच्या देवभाताची चव निराळी होती, पण तळ्याकाठी राहणाऱ्यांना हा दाणाही असाच न लावता मिळतो, हे मला फार जवळचं वाटतं.

आणि घोळ! आठवतं, टोमॅटोच्या कुंड्यांमधली ती जाड, लालसर देठांची वेल तू तण म्हणून उपटून टाकायचीस आणि मी कचऱ्यातून परत आणायचे? कुणी पेरली नाही, कुणी नांगरलं नाही. यंदा दोन मुठी घातली.

तुला करायची असेल तर सोपी आहे. अळूची देठं सोल, दोऱ्यासारखी साल निघते. आधी हाताला चिंच चोळ, नाहीतर खाज सुटेल. सुरण आणि कणसाचे दोन बोटं रुंद तुकडे आधी शिजव, मग अळू आणि माठ, भेंडी-शिराळं-काकडी शेवटी. चिंच अळू शिजत आल्यावर, पण हात आखडू नकोस, नाहीतर घसा खवखवतो. खोबरं गॅस बंद करताना. ढवळाढवळ कमी कर.

कणसाचा तुकडा रस चोखूनच खायचा, चमच्यानं दाणे काढत बसू नकोस.

तुझा डबा फ्रीजरमध्ये आहे, कणसाचे तुकडे तुझ्यासाठी जास्त घातलेत. मॅडिसनहून बसनं यायला अर्धा दिवस जातो ठाऊक आहे, पण सप्टेंबरातच ये. पहिल्यांदा दव गोठलं की घोळ एका रात्रीत काळी पडते.

आई