वाचकांचे प्रश्न : विमानतळावरील विजेची वाहने

प्रश्न : विमानतळावरची कामाची वाहने विजेवर चालवणे खरोखर सोयीचे आहे का? आणि तेथील वाहनतळावर सगळे चार्जर जलदच हवेत का?

उत्तर : बॅगांच्या गाड्या ओढणारा ट्रॅक्टर थोडेच अंतर, तेही सावकाश कापतो आणि उरलेला वेळ विमानाच्या पोटाशी उभा असतो, डिझेलचे इंजिन त्या वेळेतही अनेकदा चालूच राहते आणि त्याचा धूर शेजारी बॅगा उचलणाऱ्या कामगाराच्या छातीत जातो. विजेची मोटर मात्र थांबली की ऊर्जा खात नाही आणि जागेवरून निघतानाच पूर्ण जोर लावते. बॅटरीचे वजन, जे रस्त्यावरच्या गाडीला ओझे ठरते, तेच विमान मागे ढकलणाऱ्या वाहनाच्या चाकांना पकड देते. म्हणून बदलाची सुरुवात येथूनच व्हावी, असे माझे ठाम मत आहे.

वाहनतळाचे गणित वेगळे आहे. मालक प्रवासाला गेल्यावर दोन-तीन दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीला ७ किलोवॅटचा साधा चार्जर पुरून उरतो, कारण ६० किलोवॅट-तासांची रिकामी बॅटरीही त्यावर साधारण ९ ते १० तासांत भरते. जलद चार्जर टॅक्सी आणि बससाठी राखून ठेवावेत. ते सगळीकडे बसवले, तर ट्रान्सफॉर्मरवरचा भार विनाकारण वाढतो.