अठराव्या शतकाच्या शेवटी कोकणात मराठी लेखक होते का? आणि त्यांचं पोट कशावर चालायचं?

होते तर! पण मराठी छापखाना अजून यायचा होता. पोथी हातानं उतरवायची आणि कीर्तनातून ऐकवायची. त्यामुळे लेखनावर पोट भरायचं म्हणजे आश्रयदाता हवाच.

मोरोपंतांचं उदाहरण घ्या (१७२९-१७९४). त्यांच्या पराडकर घराण्याचं मूळ गाव कोकणातलं, राजापूरकडचं सौंदळ, जन्म पन्हाळ्याचा, आणि आयुष्य गेलं बारामतीत, बाबूजी नाईकांच्या आश्रयाला. कोकणातल्या वेळासच्या भानूंच्या घराण्यातले नाना फडणवीसही घाटावरच वाढले. त्यांनी लिहिलेलं त्रोटक आत्मवृत्त जरूर वाचा. पानिपतात आई हरवल्याचं दुःख त्यात आहे. एवढा मोठा मुत्सद्दी स्वतःविषयी इतकं मोकळं लिहितो, हे मला त्या काळातलं फार मोलाचं गद्य वाटतं.

पण माझ्या लेखी खरे कोकणचे कवी म्हणजे बांद्याचे सोहिरोबानाथ आंबिये. सावंतवाडी संस्थानातलं कुळकर्णीपण सोडून ते नाथपंथी झाले. 'हरिभजनावीण काळ घालवू नको रे' हे त्यांचंच. उतारवयात ते उत्तरेकडे गेले. तिथे महादजी शिंद्यांनी आपली कविता दाखवली, ती यांना रुचली नाही आणि त्यांनी तसं तोंडावर सांगितलं, अशी आख्यायिका आहे. महादजींसारख्या सरदारापुढे असं बोलणाऱ्या माणसाला आश्रयाची फिकीर नव्हती हे उघड आहे. सुरुवात करायची तर त्यांच्या पदांपासून करा. तळकोकणात आणि गोव्यात ती भजनांतून आजही ऐकायला मिळतात.